कोनफळ पहिल्यांदा आणताय?

थंडीत मंडईत कोनफळ हा जांभळ्या गराचा कंद मिळतो. जड, टणक घ्या. कापलेल्या तुकड्याची कड बुळबुळीत नको. सोलताना हाताला तेल लावा, साल जाड काढा: कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी खाज सुटते. फोडी लगेच पाण्यात टाका, नाहीतर तपकिरी पडतात. पण पाण्यात उकडू नका, तो सुंदर रंग पाण्यात उतरतो. चाळणीवर 15-20 मिनिटं वाफवा, सुरी सहज आरपार जायला हवी. उपवासाचे काप मात्र कच्च्याचेच करा, अर्धा सेंटिमीटर जाड, मंद आचेवर झाकण ठेवून, प्रत्येक बाजूने 5-6 मिनिटं. घाईने आच वाढवलीत तर बाहेरून करपतात, आत कच्चे राहतात आणि घसा खवखवतो. वरून लिंबू हवंच.