पेशवाईतली प्रेमकथा लिहायची आहे. प्रेरणा कुठून घ्यावी आणि तपशिलातल्या चुका कशा टाळाव्यात?

माझ्या अनुभवात ही दोन कामं वेगळी नाहीतच. पहिल्या कथेत माझ्या नायिकेने काडी ओढून समई लावली होती. साल 1765! एका वाचक आजोबांनी विचारलं, "बाई, काड्यापेटी कुठल्या दुकानातून आणलीत?" घासून पेटणारी काडी निघाली इंग्लंडात, तीही 1826-27च्या सुमारास. लाज वाटली. दुरुस्तीला बसले तेव्हा आठवलं, आजी सांगायची की चुलीतला विस्तव राखेखाली जपायचा आणि विझलाच तर शेजारून गोवरीवर मागून आणायचा. झालं, नायिका तिन्हीसांजेला हातात गोवरी घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली आणि दार त्याने उघडलं. आख्ख्या कथेतला तोच प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला.

कथाबीजासाठी मोठ्या घटनेपेक्षा तिच्यामागे राहिलेल्या माणसांकडे बघा. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्या सौभाग्यवतीसारख्याच राहिल्या. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. इतिहासात हे दोन-चार ओळींत संपतं. मला मात्र छळत राहिला तो प्रश्न साध्या शिलेदाराच्या बायकोचा: नवऱ्याचं प्रेत कुणी पाहिलं नाही, मग कुंकू पुसायचं कधी? खऱ्या माणसांच्या तोंडी मनचे संवाद घालण्याचं धाडस मला होत नाही, म्हणून माझी माणसं नेहमी अशी शेजारच्या वाड्यातली.

चांदणं टाकण्याआधी तिथी बघा. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761ची, म्हणजे पौष शुद्ध अष्टमी. त्या रात्री अर्धा चंद्र, तोही मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मावळणारा. पळणाऱ्या नायकाला पहाटे टिपूर चांदणं देऊ नका. दिलंच नाहीत तर अंधारात काय घडेल, ते लिहायला जास्त मजा येते.

भाषेसाठी रियासतकार सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड चाळा. सगळे वाचायची गरज नाही. खर्चाच्या यादी आणि घरगुती पत्रं पुरतात. पण संवाद बखरीसारखे करू नका, वाचक दुसऱ्या पानावर दमतो. मी एवढंच पाळते की नंतरचा शब्द आत शिरू नये. पत्रावर "दिनांक" लिहिणारा कारकून मी एकदा छापून बसले आहे. तो शब्द सावरकरांचा, विसाव्या शतकातला.

आणि शेवट गोड हवा असेल तर नायिकेचं घर आधी ठरवा. ब्राह्मणाच्या घरातल्या विधवेचं तेव्हा दुसरं लग्न लावलंत तर कथा तिथेच खोटी पडते. कुणब्याच्या किंवा माळ्याच्या घरात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागू शकत होता, आणि सरकार त्यावर पाटदाम नावाचा करही घेई. माझ्या दुसऱ्या कथेत तो पाटदाम भरायला नायकाकडे पैसे नाहीत. सध्या तिथेच अडले आहे.