टॅक्सच्या मेजरवर येस की नो: मी पाकीट कसं वाचते

सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच बॅलटचं पाकीट आलंय, त्यात शाळेचा बाँड, एक पार्सल टॅक्स आणि काउंटीचा सेल्स टॅक्स असे तीन मेजर (म्हणजे मतदारांनी येस-नो ठरवायचे प्रस्ताव) आहेत, नवरा म्हणतो शाळेसाठी आहे ना मग येस कर आणि शेजारी म्हणतो टॅक्स दिसला की नो, असं तुम्ही लिहिलंय. मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात बरीच वर्षं मत देतेय, दर वेळी बॅलट घेऊन किचन टेबलवर बसते, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी दारात येऊन पडलेले ते गुळगुळीत रंगीत फ्लायर बाजूला ठेवा. काउंटीकडून येणारी माहितीपुस्तिका घ्या, त्यात सिटी अ‍ॅटर्नी किंवा काउंटी कौन्सेलने (म्हणजे शहराच्या किंवा काउंटीच्या वकिलाने) लिहिलेलं निःपक्ष विश्लेषण असतं, ते वाचा. राज्याच्या प्रॉप्ससाठी (म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावांसाठी) वेगळी पुस्तिका येते, ती हिंदीतही मिळते, आईबाबा मत देत असतील तर त्यांच्यासाठी मागवा.

आता बाँड, म्हणजे शाळेने काढायचं कर्ज, जे घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून फेडलं जातं. ह्यात ‘दर लाख डॉलर असेस्ड व्हॅल्यूमागे इतके डॉलर’ असं लिहिलेलं असतं आणि इथे आपली लाखात मोजायची सवय फार कामाला येते. पण असेस्ड व्हॅल्यू म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, झिलोसारख्या घरांच्या साइटवर दिसते ती बाजारातली किंमत नाही हं. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे घर ज्या किमतीला घेतलं तिथून मोजणी सुरू होते आणि वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. समजा बाँडचा दर लाखामागे ५० डॉलर आहे, तुम्ही परवाच १८ लाखाला घर घेतलंत तर वर्षाला ९०० डॉलर, आणि तुमच्या शेजारी अगदी तसंच घर पण चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं, असेस्ड व्हॅल्यू दीड लाख, त्यांना ७५ डॉलर. एकाच गल्लीत, त्याच शाळेसाठी. मला हे अन्यायाचं वाटतं आणि आपल्यासारख्या उशिरा घर घेतलेल्यांनी निदान आपला आकडा माहीत करून मत द्यावं असं फार मनापासून वाटतं. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल ऑक्टोबरातच येतं, बॅलटही तेव्हाच, दोन्ही शेजारी ठेवून गुणाकार करा.

बाँडबरोबर टॅक्स रेट स्टेटमेंट असतं, त्यात व्याजासकट एकूण किती फेडायचं ते कायद्याने द्यावंच लागतं, अनेकदा ती रक्कम मुद्दलाच्या दीड-दोन पट असते. आणि ‘टॅक्स रेट वाढणार नाही’ असं मोठ्या अक्षरात दिसलं तर थांबा, त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की जुना बाँड फिटत आलाय, बिल कमी झालं असतं, ते आता होणार नाही. तरी मी शाळांच्या बाँडना बऱ्याचदा येसच करते, कारण गळकी छपरं आणि जुनी वायरिंग बघितली आहे, पण कशाला येस म्हणतोय ते कळून करते.

पार्सल टॅक्स म्हणजे जमिनीच्या दर तुकड्यामागे (पार्सल) लावलेला टॅक्स, तो बहुधा सगळ्यांना सारखा, घर दोन बेडरूमचं असो की पाच. बऱ्याच शाळांच्या पार्सल टॅक्समध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या ६५ च्या वरच्या मालकांना सूट असते पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, हे कोणी सांगत नाही.

सेल्स टॅक्समध्ये मी एकदा फसले. आमच्या शहराच्या मेजरवर लायब्ररी, पार्क, रस्ते ‘यांसारख्या’ सेवांसाठी असं लिहिलं होतं, मी लायब्ररीसाठी येस केलं, आणि लायब्ररीचे तास काही वाढले नाहीत. तेव्हा कळलं की तो जनरल टॅक्स होता. जनरल टॅक्सचा पैसा सामायिक तिजोरीत जातो, कशावरही खर्च करता येतो, तो साध्या बहुमताने पास होतो. ठरावीक कामाला बांधलेला तो स्पेशल टॅक्स, त्याला सहसा दोन तृतीयांश मतं लागतात (नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला असेल तर कोर्टांनी साधं बहुमतही चालवून घेतलंय). २०२५ च्या नोव्हेंबरात सांता क्लारा काउंटीचं मेजर ए पास झालं, ०.६२५ टक्के, पाच वर्षांसाठी, प्रचारात सगळीकडे हॉस्पिटलं, पण कायद्याने तो जनरल टॅक्सच. म्हणून वाईट असं नाही, काउंटीवर तुमचा विश्वास किती हा प्रश्न तिथे खरा. आणि मुदत बघाच, ‘मतदार रद्द करेपर्यंत’ असं लिहिलं असेल तर तो कायमचाच समजा.

पास व्हायला किती मतं लागतात हेही बघा. शाळांच्या बाँडना २००० च्या प्रॉप ३९ पासून बहुतेक वेळा ५५ टक्के पुरतात. दोन तृतीयांशवाल्या मेजरवर मात्र एका नो ला उत्तर द्यायला दोन येस लागतात, तिथे तुमचं एक मत फार जड आहे. नाहीच काही ठरलं तर तो रकाना कोरा ठेवा, बाकी बॅलट बाद होत नाही आणि कोरा म्हणजे नो असंही धरत नाहीत.

पाकिटाच्या बाहेर सही करायला विसरू नका, ती नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात. तिथे मराठीत केली असेल तर इथेही मराठीतच करा.