वाचकांचे प्रश्न : एकच बोअर, दोन रिपोर्ट

प्रश्न : आमच्या बोअरचे पाणी केळीला जाते आणि घरात पिण्यालाही. एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्या दोन प्रयोगशाळांत दिल्या. एकीने नायट्रेट 13.8 दाखवले, दुसरीने 52. मर्यादा 45 आहे म्हणतात. खरे कोणाचे मानायचे?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : आधी आकड्याशेजारचे एकक वाचा. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेट लिहितात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. तिथे ‘ॲज एन’ असे छापलेले असते. नायट्रोजनला 4.43 ने गुणले की नायट्रेट मिळते. तुमचे 13.8 तसे असेल, तर नायट्रेट झाले 61. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली, म्हणजे आयएस 10500 : 2012 मधली, लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे आणि तिच्यात सवलत नाही. मग दोन्ही रिपोर्ट एकच सांगतात : हे पाणी पिऊ नका, तान्ह्या बाळाला तर मुळीच नको. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. केळीला मात्र त्याची अडचण नाही.

आता उरला 61 आणि 52 मधला फरक. तो 9, सरासरी 56.5, म्हणजे 16 टक्के. पाण्याच्या जोडनमुन्यात, म्हणजे एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्यांत, साधारण 20 टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात.

पण दोन्ही बाटल्या एकाच चुकीच्या जागी भरल्या असतील, तर आकडे जुळूनही खोटेच! ठिबकाच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या व्हेंच्युरीच्या पुढे पाणी घेतले आणि खताच्या टाकीत 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) असेल, तर तुम्ही खताचे नायट्रेट मोजले. नमुना बोअरच्या तोंडाशी, व्हेंच्युरीच्या अलीकडे घ्या. पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे ना, तेही पाहा. नसेल तर पंप बंद होताच खताचे पाणी बोअरमध्ये उतरू शकते.

रात्री लाइट आली की पहिल्याच धारेला बाटली लावू नका. ते पाणी बोअरच्या पाइपात, केसिंगमध्ये, साचलेले असते. 6 इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे 18 लिटर पाणी मावते. बोअर 100 मीटर, पाणी 60 मीटरवर, तर उभे पाणी 40 मीटर, म्हणजे 720 लिटर. त्याच्या तिप्पट, साधारण 2,150 लिटर आधी सोडा. तासाला 8,000 लिटर देणाऱ्या पंपाला 16 मिनिटे लागतात. ईसी मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारे, विद्युतवाहकता मोजणारे यंत्र) असेल तर दर पाच मिनिटांनी पाहा. आकडा थांबला की भरा.

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. ॲसिड घातलेली किंवा जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून 48 तासांत पोचवा. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ती दिवसभर तापली, की जिवाणू नायट्रेटचा आकडा बदलून टाकतात.

पुढच्या वेळी एकाच प्रयोगशाळेत तीन बाटल्या द्या : दोन बोअरच्या, पाठोपाठ भरलेल्या, आणि तिसरी डिस्टिल्ड पाण्याची, बोअरपाशीच उघडून भरलेली. तिन्हींवर फक्त क्रमांक. कोणती कशाची ते सांगू नका. डिस्टिल्ड पाणी प्रयोगशाळेकडूनच घ्या, बॅटरीच्या पाण्याचा भरवसा नाही. तिसरीत नायट्रेट निघाले तर बाटली, हात किंवा प्रयोगशाळा, कुठेतरी गडबड आहे.

प्रश्न : कपाशीच्या शेताच्या माती परीक्षणात यंदा जस्त एकदम वाढलेले दिसते. जस्ताचे खत तर घातलेच नाही.
— वाचक, शिरपूर

उत्तर : माती कशात कालवली? पत्र्याच्या घमेल्याला जस्ताचा मुलामा असतो. प्लास्टिकचे घमेले घ्या. खताची रिकामी गोणी नमुन्याला कधीच नको.

बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणी 20 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या. फावड्याची कड लागलेली माती बांबूच्या कामटीने खरवडून टाका, मग वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीचा काप काढा. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. वाळवायची सावलीत. ठिबक असेल तर प्रत्येक खड्डा ड्रिपरपासून सारख्याच अंतरावर हवा, कारण ओलाव्याच्या कडेला क्षार साचतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, एक पिशवीत, एक बाहेर. शाई ओलीने पसरते.