स्वतःच्या पराभवावर लावलेली पैज हा विमा ठरतो का?

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, आता पश्चिम लंडनमध्ये स्थायिक आहे. पार्लमेंटच्या पुढच्या निवडणुकीत पक्षाची उमेदवारी मिळण्याची शक्यता आहे. प्रचारासाठी दोन महिने बिनपगारी रजा घ्यावी लागेल आणि सुमारे 7,000 पौंडांचे उत्पन्न बुडेल. मतदारसंघातील मागच्या वेळचे भाव धरले, तर प्रतिस्पर्धी पक्षाच्या विजयावर 4,000 पौंड लावल्यास हरल्यानंतर 7,000 पौंड नफा होतो. जिंकलो, तर खासदाराचा पगार सुरू होईल. हा एक प्रकारचा विमाच नाही का? पैज पत्नीच्या खात्यातून लावता येईल.

उत्तर : तुमचा हिशेब चुकलेला नाही, हे प्रथम मान्य करतो. तुम्ही पाठवलेले भाव असे आहेत : तुमच्या पक्षावर 15 पौंडांना 8 (म्हणजे 15 पौंड लावून जिंकल्यास 8 पौंड नफा), प्रतिस्पर्ध्यावर 4 पौंडांना 7 आणि उरलेल्यांवर 1 पौंडाला 25. त्यांत दडलेल्या शक्यतांची बेरीज 105 टक्क्यांच्या थोडी वर जाते, आणि शंभरावरचा हा भाग बुकीचा. तो वगळला तर प्रतिस्पर्धी जिंकण्याची शक्यता साधारण साडेचौतीस टक्के उरते, म्हणजे 4,000 पौंडांच्या पैजेवर सरासरी 205 पौंडांची खोट येते. ब्रिटनमध्ये पैजेच्या नफ्यावर कर लागत नाही. खासदाराचे वार्षिक वेतन एप्रिल 2025 मध्ये 93,904 पौंड झाले होते, तेव्हा जिंकल्यास 4,000 पौंडांची झळ सोसता येईल हेही खरे. निव्वळ आकड्यांत पाहिले तर हा 'विमा' महाग नाही, आणि म्हणूनच मला त्याची अधिक धास्ती वाटते.

विमा आणि जुगार यांच्यामधली रेघ याच देशाने 1774 च्या कायद्याने आखली : ज्याच्या जगण्यामरण्याशी आपला आर्थिक हितसंबंध नाही, त्याच्या आयुष्यावर विमा उतरवता येणार नाही. या कसोटीला तुम्ही उतरता, कारण पराभवाने तुमचे खरेच नुकसान होणार आहे. पण विम्याची दुसरीही अट असते, ती म्हणजे नुकसान विमाधारकाच्या हातात असता कामा नये. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पाऊस पडतो आहे, यादीतील चाळीस घरे बाकी आहेत, गुडघे दुखत आहेत, आणि तुमच्यासोबत पत्रके वाटणारा निवृत्त शिक्षक एक पैसाही न घेता पुढच्या गल्लीत वळला आहे. तुम्ही घरी परतलात तर त्यामागे थकवा होता की 7,000 पौंड, हे त्यालाच काय, तुम्हालाही खात्रीने सांगता येणार नाही. तुम्ही प्रामाणिक आहात याबद्दल मला शंका नाही. पण ज्या माणसाचा घाम तुम्ही फुकट घेत आहात, त्याच्यापासून लपवावी लागेल अशी रक्कम तुमच्या नियोजनात मी मांडणार नाही.

2024 च्या निवडणुकीत राजकारण्यांच्या पैजांची दोन रूपे दिसली. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचे संसदीय खासगी सचिव क्रेग विल्यम्स यांनी निवडणुकीची घोषणा होण्याच्या तीन दिवस आधी, ती जुलैमध्ये होईल यावर 100 पौंड लावले होते. हुजूर पक्षाने त्यांचा पाठिंबा काढून घेतला आणि एप्रिल 2025 मध्ये जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने आरोप ठेवलेल्या 15 जणांत त्यांचे नाव आले. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. तुमच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण मजूर पक्षाचे उमेदवार केव्हिन क्रेग यांचे आहे. त्यांनी आपल्याच मतदारसंघात हुजूर पक्ष जिंकेल अशी पैज लावली होती आणि जिंकलेली रक्कम स्थानिक संस्थांना देण्याचा आपला विचार होता असे सांगितले. चौकशीची बातमी येताच पक्षाने त्यांना निलंबित केले. पुढे आरोप झालेल्या त्या 15 जणांत ते नव्हते, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.

कायद्याचे म्हणाल, तर 2005 च्या जुगार कायद्याचे कलम 42 फसवणुकीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, आणि पैज जिंकली की हरली याला तिथे महत्त्व नाही. उमेदवाराने पैज लावणे एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. तथापि दारोदार फिरून भरलेले मतदारांचे तक्ते रोज रात्री तुमच्यासमोर येतील आणि बुकीला ते दिसणार नाहीत. त्या माहितीवर लावलेली पैज फसवणूक नव्हती हे पटवून देण्याची पाळी तुमच्यावर येऊ शकते. पत्नीच्या खात्याची कल्पना तर सोडूनच द्या. तिच्यामुळे सरळ व्यवहारालाही लपवाछपवीचे रूप येईल आणि एकाऐवजी घरातली दोन माणसे चौकशीला सामोरी जातील. संशयास्पद पैजा गॅम्बलिंग कमिशनला कळवण्याचे बंधन परवानाधारक बुकींवर असते.

त्या 7,000 पौंडांची सोय साध्या मार्गाने होते. दरमहा 250 पौंड कॅश आयसात (करमुक्त व्याजाच्या बचत खात्यात) बाजूला टाकल्यास 28 महिन्यांत रक्कम उभी राहते, व्याज वेगळेच. निवडणूक लवकर लागली, तर तुम्ही कळवल्याप्रमाणे त्याच खात्यात आधीपासून असलेल्या 11,000 पौंडांतून उरलेली तूट काढा. तो निधी अडीअडचणीसाठीच आहे. दोन महिन्यांची सलग रजा घेण्याऐवजी पहिला महिना अर्धवेळ काम करता येईल का, हेही कंपनीला आताच विचारा, कारण तेवढ्यानेच 1,750 पौंड वाचतात. आणि उमेदवारीची मुलाखत होण्याआधी तुमच्या व पत्नीच्या नावावरच्या बेटिंग खात्यांत एखादी जुनी राजकीय पैज पडून आहे का, ते पाहून घ्या. असेल तर पक्षाच्या निवडणूक एजंटला स्वतःहून सांगा.