परदेशात रस्त्यावर रंगीत छत्र्या टांगून सावली करतात, तसं विदर्भातल्या गावात करता येईल का? त्यानं खरंच गारवा मिळतो का?

करता येईल, पण छत्र्या टांगू नका. हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

माझा मंडपाचा धंदा आहे, ब्रह्मपुरी-वडसा भागात. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे मंडप, उन्हाळ्यात लग्नं. पोर्तुगालमधल्या आगेदा गावात २०१२ पासून गल्लीवर छत्र्या टांगतात, त्याचे फोटो पाहून पोरं मागं लागली. एसटीच्या थांब्याजवळ पन्नासेक छत्र्या तारेवर चढवल्या. आठ-दहा दिवस नुसत्या सेल्फ्या. मग मे महिन्यात एक वावधन, म्हणजे वादळ, आलं आणि अर्ध्या छत्र्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, गेल्या, उरलेल्या बाभळीवर.

पण वावधन नसतं आलं तरी त्यात दम नव्हता. इतक्या उंच बांधलेल्या छतरीची सावली दुपारी तीनला खाली पडतच नाही, ऊन तिरपं झालं की ती पूर्वेकडं सरकते. माणसं बसलेली एकीकडं, सावली दुसरीकडं! म्हणून वर छप्पर केलं तर पश्चिमेच्या बाजूनं पडदा सोडायलाच हवा.

सावलीत हवा फारशी थंड होत नाही. बाहेर ४५ असेल तर सावलीतही तेवढ्याच आसपास. फरक पडतो तो अंगावर थेट येणारं ऊन अडल्यानं. म्हणूनच टिनपत्रा घालू नका, तो तापून खालच्या माणसाच्या डोक्यावर आग ओकतो. बांबूचे तट्टे घ्या, दोन थर, मध्ये वीतभर फट, म्हणजे वरच्या थराची गरमी वाऱ्यानं निघून जाते. बांबू आपल्याकडं आहे, विणणारे बुरूडही आहेत. फक्त बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी द्या, नाहीतर दोन वर्षांत घुण लागतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू केंद्रात जाऊन विचारा.

खरा गारवा पाण्यानं येतो. हवेत १५ टक्के ओलावा आणि ४५ तापमान असेल, तर ओलं फडकं साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपला कूलर चालतो तो याच जोरावर. नोएडात एका कारखान्यात मातीच्या नळकांड्या मधाच्या पोळ्यासारख्या रचून त्यावर पाणी सोडलंय, दिसायलाही ते शिल्पच. आपल्याकडं पश्चिमेच्या पडद्याला वाळ्याची ताटी लावली तरी काम भागतं. जूनमध्ये हवा दमट झाली की मात्र हा खेळ संपला. आणि ताटीवर रोज पाणी कोण मारणार हे आधी ठरवा, नाहीतर आठव्या दिवशी ती कोरडीठाक.

स्पेनच्या सेव्हिलमध्ये गल्लीवर ताणलेली कापडं उन्हाळा सरला की उतरवतात. ती सवय मात्र उचलण्यासारखी आहे. आम्ही थांब्यावरचे तट्टे मृग लागायच्या आत गुंडाळून ठेवतो.

आता राहिली कला. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर उन्हाळ्यात रिकामेच असतात. त्यातल्या एकाला म्हटलं, दरबार नको, जंगल काढ, आणि तट्ट्याच्या खालच्या बाजूनं. ओट्यावर आडवं झालं की वर बघता येतं. एसटी उशिरा आली की लोक त्यातले वाघ मोजत पडतात. पेंटर म्हणतो सात आहेत. मला अजून सहाच सापडलेत.