हवामान तर आधीपासूनच बदलत आलंय, मग आताची तापमानवाढ माणसामुळेच कशावरून?

तुमचं म्हणणं असं की हिमयुगं आली नि गेली तेव्हा ना गाड्या होत्या ना कारखाने, मग आत्ताच्या गरमीचं खापर माणसावरच का. प्रश्न रास्त आहे, पण याचं उत्तर मिळालेलं आहे आणि ते अंदाजपंचे नाही, मोजून मिळालंय.

मी चंद्रपूर जिल्ह्यात एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आमची नेहमीची एक टेस्ट असते, चुनखडीची १ ग्रॅम पावडर क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) घ्यायची, मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबमधल्या बंद भट्टीत, ९५० डिग्री सेल्सिअसच्या आसपास तापवायची, थंड झाली की परत वजन करायचं. साधारण ०.६५ ग्रॅम उरते. धूर नाही, वास नाही, तरी एक तृतीयांश वजन गायब, आणि गेलं ते जवळपास सगळं कार्बन डायऑक्साइड होऊन. किल्नमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या भट्टीत, हेच टनावारी होतं, वर किल्न तापवायला कोळसा लागतो तो वेगळाच. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यात सिमेंटचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास आहे. सगळ्यात मोठा वाटा अर्थातच कोळसा, तेल आणि गॅस जाळण्याचा, मग जंगलतोड.

आता हवेत वाढलेला हा उष्णता अडकवणारा गॅस आपलाच कशावरून, ज्वालामुखीचा का नाही? तर कोळसा-तेल बनलंय जुन्या झाडाझुडपांपासून आणि सूक्ष्म जीवांपासून, आणि झाडं हवेतून कार्बन घेताना कार्बन-१३ (कार्बनचाच जरा जड प्रकार) जरा कमीच घेतात, म्हणून कोळशातही तो कमी असतो. तो जाळला की हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण खाली येतं, आणि नेमकं तेच होताना दिसतंय. ज्वालामुखीच्या गॅसमध्ये कार्बन-१३ इतका कमी नसतो, शिवाय जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो आपल्या १ टक्क्याहूनही कमी भरतो. त्यात हवेतला ऑक्सिजनही अगदी किंचित (श्वासाला धोका नाही इतपत) घटतोय, म्हणजे हा गॅस काहीतरी जळूनच येतोय. मला स्वतःला हा पुरावा सगळ्यात पक्का वाटतो.

सूर्याचं म्हणाल तर सॅटेलाइट १९७८ पासून त्याची ऊर्जा मोजतायत, ती वाढलेली नाही. आणि सूर्यामुळे असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता, तो उलट थंड होतोय, खाली उष्णता अडकली की असंच होतं.

हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि कलण्यातल्या बदलांमुळे आली-गेली हे खरंच, पण वेग बघा ना. शेवटचं हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत १८० वरून २७० च्या आसपास जायला हजारो वर्षं लागली, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळलंय. कारखाने सुरू व्हायच्या आधी तो २८० होता. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर तो मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आता ४२० च्या वर.

भातखाचरं, गुरं, कचऱ्याचे डोंगर यांतून मिथेन हा उष्णता अडकवणारा दुसरा गॅस येतो तोही आपलाच, पण तो साधारण १२ वर्षांत हवेतून जातो. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं तसाच राहतो, म्हणून मी आधी कोळशाचं नाव घेतो, आमच्या अख्ख्या जिल्ह्याचं पोट त्याच्यावर असलं तरी.