वर्गमूळ असलेलं डेरिव्हेटिव्ह: आधी काय, मग काय

वर्गमूळ असलेल्या फलनाचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढताना चेन रूल, म्हणजे फलनाच्या आत फलन असताना वापरायचा नियम, तुला येतोय; अडतंय ते पुढे उत्तर सोपं करण्याच्या आवराआवरीत. मुळाच्या आत जे असेल ते उ आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह उ′ धर; √उ चं डेरिव्हेटिव्ह म्हणजे उ′ भागिले २√उ, एवढं तोंडपाठ कर. दर वेळी १/२ घात लिहीत बसू नकोस. मात्र वरचा उ′ विसरायचा नाही, बहुतेकांचे मार्क तिथेच जातात.

आता क्ष√(१−क्ष²) घे. गुणाकाराच्या नियमाने √(१−क्ष²) − क्ष²/√(१−क्ष²) येतं. इथे थांबू नकोस. पहिल्या पदाला √(१−क्ष²) ने गुणून भाग, म्हणजे अंशात मूळ उरतच नाही: (१−२क्ष²)/√(१−क्ष²). कमाल-किमान किंमत शोधताना हेच रूप लागतं, कारण अंश शून्य केला की क्ष = ±१/√२ लगेच दिसतं. छेदातलं मूळ घालवायच्या मागे लागू नकोस. त्याने उत्तर फक्त लांबतं. आणि क्ष = ±१ ला छेद शून्य होतो, तिथे डेरिव्हेटिव्ह नाही, हेही लिही.

(क्ष²+१)/√क्ष दिसलं तर भागाकाराचा नियम लावूच नकोस. आधी क्ष च्या ३/२ आणि −१/२ घातांत फोड, दोन ओळींत सुटतं.

सोपं केल्यावर एखादी किंमत दोन्ही रूपांत घालून बघ. क्ष√(१−क्ष²) च्या उदाहरणात क्ष = ० ला दोन्हीकडे १ आलं पाहिजे.